आपत्ती पूर्वतयारीवर रिसर्च करायचाय, पण परत तोच 'जागरूकता सर्व्हे' करू का?

प्रश्न थोडक्यात असा होता: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी 'कोल्हापूर जिल्ह्यातील पूर व आपत्ती पूर्वतयारी: एक अभ्यास' हा विषय घेतलाय, गाइडनी ३०० लोकांची प्रश्नावली भरून घ्यायला सांगितलंय, गूगल फॉर्म चालेल का? आधीचे बरेच शोधनिबंध वाचले तर सगळ्यांचा निष्कर्ष एकच, 'लोकांमध्ये जागरूकता कमी, प्रशिक्षण द्यावे', मग मी नवीन काय करायचं? सरकारी आकडे कुठून मिळतील? आणि ह्या सगळ्याचा कुणाला उपयोग होतो का?

मी बरीच वर्षं गावपातळीवरचे आपत्ती आराखडे करून घेण्याच्या कामात आहे, दरवर्षी विद्यार्थी येतात आणि जवळपास प्रत्येकजण हाच विषय ह्याच नावाने घेऊन येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर समजून घ्या.

आधी मला दिसलेली खरी अडचण सांगते. तुमची अडचण ३०० की १०० ही नाहीये, गूगल फॉर्म की कागद हीसुद्धा नाहीये. अडचण ही की तुम्ही 'पूर्वतयारी' ही गोष्ट माणसाच्या डोक्यात असते असं धरून चाललाय, म्हणून ती विचारून कळेल असं वाटतंय. पूर्वतयारी डोक्यात नसते, ती ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला कोणी काय केलं ह्यात दिसते. कोल्हापूरजवळच्या, नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या माणसाला पुराबद्दल 'जागरूक' करायला जाणं म्हणजे पोहणाऱ्याला पोहायला शिकवणं आहे. त्याला पंचगंगेची पातळी फूट-इंचात पाठ असते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) येतात हेही सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभे रहा, पाणी किती झालं हीच चर्चा. आणि तरीही २०१९ ला आणि परत २०२१ ला लोक घरात अडकले. म्हणजे माहिती आणि कृती ह्यांच्यामध्ये काहीतरी आहे, आणि तुमचा अभ्यास तिथे हवा. 'माहिती आहे का' ह्या प्रश्नाने ते कधीच सापडणार नाही.

आता, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी मोकळेपणाने सांगते. तुम्हाला किती महिने आहेत, गाइड किती मोकळीक देतात, तुम्ही त्याच भागातले आहात की बाहेरून जाणार, ह्यावर बरंच ठरतं. भूगोलवाले असाल तर नकाशे आणि पूररेषांवर काम करा, निळ्या रेषेच्या आत किती बांधकाम झालं वगैरे, तो वेगळा आणि चांगला विषय आहे. (निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा.) तुम्ही समाजकार्याचे आहात, तर माणसं आणि निर्णय हे तुमचं क्षेत्र, म्हणून पुढचं सगळं त्या अंगाने लिहितेय. पीएचडी असती तर वेगळं सांगितलं असतं.

माझा सल्ला एका वाक्यात: जिल्हा सोडा, एक गाव किंवा शहरातली एक गल्ली घ्या, एकच पूर घ्या, आणि 'पाणी वाढतंय' हे कळल्यापासून घर सोडेपर्यंत काय काय झालं त्याची तासातासाची वही तयार करा.

का ते सांगते. इशारा ऐकला आणि माणूस उठून चालू लागला असं जगात कुठेच होत नाही. डेनिस मिलेटी नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर ह्याच गोष्टीवर काम केलं, आणि त्यातून वारंवार हेच पुढे आलं की इशारा मिळाल्यावर माणूस आधी खात्री करतो, शेजाऱ्याला विचारतो, नातेवाइकांना फोन करतो, बाहेर जाऊन बघतो, मग ठरवतो. आपल्याकडे ह्याचं रूप तुम्हाला माहीतच आहे. पोलीस पाटील येऊन सांगून गेले, ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली, तरी घरातला कर्ता माणूस आधी वरच्या अंगाला राहणाऱ्या पाहुण्याला फोन लावतो, 'तुमच्याकडं पाऊस किती हाय?', मग पोराला पाठवतो पाणी कुठल्या पायरीला लागलं बघायला, मग शेजारचे आण्णा जातायत का बघतो, आण्णा जात नसतील तर हा पण थांबतो. ह्यात सहा तास जातात, कधी आख्खी रात्र जाते. हे सहा तास कशात गेले हे कुठल्याही जागरूकता सर्व्हेत येत नाही, आणि खरं तर वाचवायचे असतील तर तेच सहा तास वाचवता येतात.

दुसरं म्हणजे जुन्या पुराची खूण. २००५ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. लोकांनी भिंतीवर खुणा करून ठेवल्या होत्या, आणि २०१९ ला कित्येकांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं आणि निवांत बसले, की २००५ ला इथवर आलं होतं त्याच्या वर काही येत नाही. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आता ह्याला तुम्ही जागरूकता कमी म्हणाल का? हा तर अनुभवी माणूस आहे, अनुभवानेच त्याला अडकवलं. कोल्हापूरला पण तसंच, २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा लोक म्हणाले आता ह्याच्यापुढे काय, आणि दोनच वर्षांनी २०२१ ला ५६ च्या पुढे गेलं. मग २०२१ ला त्याच घरातली माणसं आधी बाहेर पडली का? पडली तर कशामुळे? दोन पुरांमध्ये एकाच घराने घेतलेले दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून बघणं, हा एवढा एक धागा जरी धरलात तरी तुमचा प्रोजेक्ट आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा होईल.

तिसरी गोष्ट जनावरं. हे शहरातल्या गाइडना पटवायला वेळ लागतो. दोन म्हशी आणि एक रेडकू असलेलं घर म्हणजे महिन्याचा दुधाचा हिशोब असलेलं घर. शाळेत निवारा केंद्र काढलं तर तिथे माणसांची सोय आहे, म्हशी कुठे बांधायच्या? वैरण कोण देणार, धार कुठे काढायची, दूध घालायचं कुठे? त्यामुळे होतं काय की बायका-पोरं बाहेर पडतात आणि एक पुरुष माणूस जनावरांसाठी मागे राहतो, आणि मग रात्री पाणी चढलं की त्याला काढायला बोट लागते. तुम्ही प्रश्नावलीत 'तुम्ही स्थलांतर केले का? हो/नाही' असं विचारलं तर ह्या घराचं उत्तर काय लिहाल? अर्धं घर हो, अर्धं नाही. म्हणून एकक 'कुटुंब' न धरता घरातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक जनावर धरा, कोण कधी निघालं, कुठे गेलं, कशाने गेलं.

चिखली-आंबेवाडीचं उदाहरण घेतलंच आहे तर पुढचंही बघा. १९८९ च्या पुरानंतर ह्या गावांना सोनतळीला वर प्लॉट दिले गेले, म्हणजे जायला जागा नाही असं नाही. तरी जुनं गाव उठलं नाही, कारण शेत खाली, गोठा खाली, देव खाली, आणि रोज पहाटे धारेला वरून खाली यायचं म्हणजे कोण करणार. पावसाळ्यात तात्पुरतं वर जायचं आणि पाणी उतरलं की परत खाली, असं बऱ्याच जणांचं चालतं. सरकारी कागदावर 'पुनर्वसन झालेलं गाव', प्रत्यक्षात दोन्हीकडे पाय. किल्लारीलाही वेगळ्या तऱ्हेने हेच दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५० च्या वर गावं नव्या जागी बसवली, सरळ रस्ते, आखीव प्लॉट, आणि नंतर लोकांनी त्यात आपल्या सोयीने गोठे, शेड, भिंती वाढवून घेतल्या. दगड-मातीच्या जड माळवदाने माणसं मारली हे सगळ्यांना कळलेलं होतं, तरी घर म्हणजे फक्त भूकंपात न पडणारी वस्तू नाही ना, त्यात कडबा पण ठेवायचा असतो.

नृसिंहवाडीचंही लक्षात ठेवा. कृष्णेचं पाणी चढून दत्ताच्या देवळात उत्तरेकडून येतं, पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लांबून लोक येतात. म्हणजे जे पाणी नियंत्रण कक्षाच्या वहीत वाढती पातळी म्हणून नोंदलं जातं तेच तिथे पर्वणी असतं. बाहेरून आलेला रिसर्चर ह्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. तुम्ही तसं करू नका, उलट त्या गावात पाण्याची पायरीपायरीने नोंद ठेवणारी माणसं आहेत, पुजारी आहेत, दुकानदार आहेत, नावाडी आहेत, त्यांच्याशी बोला, त्यांचं पाण्यावर लक्ष सरकारी नोंदीइतकंच बारीक असतं.

आता मेथड. लोकांच्या आठवणीवर किती विसंबायचं हा प्रश्न गाइड विचारणारच. बरोबर आहे, इतक्या वर्षांपूर्वी किती वाजता निघालात हे कुणाला आठवणार. त्यावर मी वापरते ती युक्ती: फोनची गॅलरी उघडायला सांगायची. पाणी अंगणात आल्याचा फोटो, ट्रॅक्टरमध्ये बसल्याचा व्हिडिओ, भावाला पाठवलेला 'आम्ही निघालोय' चा मेसेज, सगळ्यावर तारीख-वेळ असते. (व्हॉट्सॅपवरून फिरत आलेल्या फोटोवर मात्र तो फोनमध्ये आला तेव्हाची वेळ असते, हे विसरू नका.) एका गल्लीत दहा घरांच्या गॅलऱ्या बघितल्या की त्या रात्रीचा नकाशा तयार होतो, आणि गंमत म्हणजे फोटो समोर आला की माणसाला बाकीचं पण आठवायला लागतं, मग तो थांबत नाही. फोन बदललेले असतात, काहींचा डेटा गेलेला असतो, तिथे गावच्या ग्रुपवरचे जुने मेसेज कामाला येतात. पण परवानगी घेऊनच, आणि फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका, नुसती वेळ आणि काय दिसतं ते वहीत लिहा. मग ही वेळ बंधाऱ्याच्या पातळीशी आणि धरणातून सोडलेल्या पाण्याशी जुळवा. कुठल्या पातळीला कोण हललं हे एका कागदावर आलं की तुमचा अर्धा निष्कर्ष तिथेच असतो.

गूगल फॉर्मचं उत्तर त्यातच आलं. फॉर्म भरणार कोण? कॉलेजची पोरं आणि नोकरदार. पुरात अडकणारी सत्तरीची आजी, इचलकरंजीत नदीकाठच्या खोलीत भाड्याने राहणारा बाहेरच्या राज्यातला यंत्रमाग कामगार, हे फॉर्म भरणार नाहीत. भाडेकरू तर मुद्दाम शोधून काढा, कारण पंचनाम्यात घर मालकाच्या नावावर असतं, त्याचं वाहून गेलेलं सामान बऱ्याचदा कुठेच लागत नाही, आणि इशाऱ्याची साखळी पण गावातल्या जुन्या घरांमधून जाते, त्याच्या दारापर्यंत येतेच असं नाही. ३५-४० घरं नीट निवडून, दोन-दोन वेळा जाऊन केलेली, ३०० फॉर्मपेक्षा जास्त बोलतात. निवडताना आधी निघालेले, उशिरा निघालेले, शेवटपर्यंत न निघालेले असे तिन्ही घ्या. नुसते निवारा केंद्रातले लोक घेतले तर न निघालेल्यांचं काहीच कळत नाही, आणि उशीर का झाला हे तर त्यांनाच विचारायचंय.

गावात जाताना एक खबरदारी, ही अगदी महत्त्वाची. पूरपट्ट्यात वही-पेन घेऊन कोणी दारात आलं की ते पंचनाम्याला आले असंच धरलं जातं. तुम्ही तोंड उघडायच्या आत आधारची आणि पासबुकची झेरॉक्स पुढे येते, मग घरातली बाई भिंतीवरची ओल हाताने दाखवायला लागते, इथवर होतं बघा, कपाट फुगलं, गहू गेला. अशा वेळी मिळालेली उत्तरं ही मदतीसाठी दिलेली उत्तरं असतात. २०१९ ला घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं का ह्या मदतीच्या अटीवरून किती ओरड झाली होती आठवत असेल, त्यानंतर 'पाणी किती दिवस होतं' हा प्रश्न तुम्ही कितीही निष्पाप मनाने विचारा, समोरचा माणूस आधी निकष आठवणार. त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून पहिल्या भेटीत वही काढूच नका, आधी बसा, मी कॉलेजची आहे, माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही आणि यादीत नाव पण लागणार नाही हे दोनदा सांगा, आणि नुकसानीबद्दल विचारूच नका, तुमच्या विषयाला ते लागतही नाही. पूर ताजा असताना तर जाऊच नका, तेव्हा माणसं गाळ काढत असतात, तुम्हाला मदत करायची असेल तर फावडं घेऊन जा. ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय तिथे प्रोजेक्टसाठी जायची तर मुळीच गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली, त्यानंतर तिथे येऊन ज्यांनी ज्यांनी तोच प्रसंग परत परत सांगायला लावला त्यांची गणती नसेल. जे छापून आलंय ते वापरा.

आता सरकारी बाजू. हीसुद्धा तुमच्या अभ्यासात पाहिजे, नाहीतर सगळा दोष लोकांवर येऊन पडतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्यात प्रत्येक जिल्ह्याचं प्राधिकरण, जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि जिल्ह्याचा आराखडा असलाच पाहिजे आणि दरवर्षी त्याचा आढावा घेऊन तो सुधारला पाहिजे असं कलम ३१ म्हणतं. आराखडे असतात, जिल्ह्याच्या वेबसाइटवर मिळतात, जाडजूड असतात. विद्यार्थी काय करतात, आराखडा आहे का? आहे. टिक. असं करू नका. आराखड्यातलं शेवटचं परिशिष्ट काढा, साधनसामग्रीची यादी आणि संपर्क क्रमांक, आणि ते घेऊन एका तालुक्यात फिरा. 'रबरी बोट १' असं लिहिलेलं असेल तर ती बोट बघून या. कुठल्या खोलीत आहे, खोलीची किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस रात्री गावात असतो का, इंजिन शेवटचं कधी चालू केलं, पेट्रोलचे पैसे कुठल्या हेडमधून येतात, लाइफ जॅकेट किती आणि त्यांचे बंद शाबूत आहेत का, चालवणारा कोण, तो बदलून गेला का. निवारा केंद्र म्हणून शाळा लिहिली असेल तर बायकांसाठी संडास किती आणि त्यात पाणी येतं का ते बघा, रात्री लाइट गेली तर काय आहे ते बघा. एवढं केलंत तरी कागद आणि वस्तू ह्यातलं अंतर तुम्हाला मोजता येतं, आणि हे मोजणं कुणावर टीका न करता करता येतं, नुसतं जे आहे ते लिहायचं.

अधिकाऱ्यांशी बोलाल तेव्हा एक वाक्य हमखास ऐकाल, 'आधीच सांगितलं तर लोक घाबरतील, गोंधळ होईल'. ह्यावर जगभर काम झालंय. एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ ला अमेरिकेत ओहायोत डिझास्टर रिसर्च सेंटर सुरू केलं (ते नंतर डेलावेअरला गेलं), आणि कित्येक आपत्तींच्या जागी जाऊन अभ्यास केल्यावर त्यांना दिसलं की लोक सैरावैरा पळतात वगैरे ही बरीचशी सिनेमातली कल्पना आहे, प्रत्यक्षात पॅनिक क्वचितच होतं, बहुतेक लोक एकमेकांना धरून राहतात आणि सुरुवातीची मदत शेजारीपाजारीच करतात. कोल्हापूरकरांना हे कुणी सांगायची गरज नाही, तालमींची आणि मंडळांची पोरं, व्हाइट आर्मीसारखे स्वयंसेवक, हे सगळे त्या दिवसांत काय करत होते ते आपण बघितलंय. पण तुमच्या अभ्यासासाठी ह्यातून प्रश्न निघतो: ही पोरं आराखड्यात कुठे आहेत? नावाने आहेत की 'स्वयंसेवी संस्था' अशा एका ओळीत? त्यांना इशारा आधी कळतो की टीव्हीवरून कळतो?

बातमी कुठल्या रस्त्याने पोहोचते हे बघायचं असेल तर माळीणची आठवण ठेवा. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं आख्खं गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली, आणि ते बाहेर कळलं कसं, तर रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. कुठली इशारा यंत्रणा नव्हे, एसटीचं वेळापत्रक. तुमच्या गावात पण अशी रोज ठरलेल्या वेळी येणारी-जाणारी माणसं असतील, दूध संकलनाची गाडी, आशाताई, पेपर टाकणारा, वायरमन. त्यांना कधी काय दिसतं आणि ते कोणाला सांगतात, हा छोटासा पण सुंदर विषय आहे, अजून कुणी धड केलेला मी पाहिला नाही.

आकड्यांचं सांगते पटकन. बंधाऱ्याच्या पातळ्या आणि धरणातले विसर्ग जलसंपदा विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाकडे रोजच्या बुलेटिनमध्ये असतात, जुने हवे असतील तर लेखी अर्ज करा, आढेवेढे घेतले तर माहिती अधिकार आहेच, पण आधी जाऊन भेटा, चांगल्या शब्दात मागितलं तर बरेचदा मिळतं. पाऊस महसूल मंडळनिहाय मिळतो, जिल्ह्याची सरासरी वापरू नका, गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस ह्यांची सरासरी काढून काही अर्थ लागत नाही, शिरोळात ऊन पडलेलं असताना तिथे पूर येतो कारण पाणी वरून येतं आणि खाली कृष्णेची फूग असते (कृष्णा भरली की तिच्यात जाणारं पाणी मागे तुंबतं). वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या जरूर बघा, त्यात कुठला रस्ता कधी बंद झाला हे तारखेसकट असतं, शिरोलीजवळ हायवे बंद पडून शहरात पेट्रोलची बोंब झाली, उपसा केंद्रं बुडून नळाला पाणी नव्हतं, हे सगळं तिथे सापडेल. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद मात्र तुमच्या प्रोजेक्टमध्ये आणू नका. पुराच्या कारणांवरचा वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल वाचून ठेवा, उपयोगी आहे, पण त्या वादात शिरलात तर परत बाहेर निघायला दोन वर्षं लागतील आणि व्हायव्हाला प्रत्येकजण तेच विचारेल.

उपयोग होतो का ह्याचं खरं उत्तर: बहुतेक प्रोजेक्ट लायब्ररीत जातात आणि तिथेच राहतात. त्याचं एक कारण शिफारशी कशा लिहितात हे आहे. 'शासनाने जनजागृती करावी' ही शिफारस कुणाच्या टेबलावर जाणार? शासन म्हणजे कोण? त्याऐवजी 'अमुक गावात ३९ फुटाला माणसांच्या आधी जनावरं हलवायची, त्यासाठी गायरानातली अमुक जागा मे महिन्यात साफ करून ठेवायची, हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, वैरणीचं पशुधन अधिकाऱ्याकडे' असं एका पानावर लिहा. मान्सूनपूर्व आढावा बैठका एप्रिल-मेमध्ये होतात, त्याच्या आधी ते पान तहसीलदारांच्या आणि सरपंचांच्या हातात द्या, जूननंतर कुणाला वाचायला वेळ नसतो. बदल्या होतात म्हणून एकाच अधिकाऱ्याला देऊन थांबू नका, सरपंच आणि पोलीस पाटील गावातच असतात. आणि ज्या घरांनी वेळ दिला त्यांना पण वाचून दाखवा, तिथे सगळ्यात जास्त चुका सापडतात, 'ओ ताई, आम्ही त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी गेलतो' असं लगेच कोणीतरी म्हणतं.

राहिलं गाइडचं. विषय बदला म्हणून भांडू नका, शीर्षक तसंच ठेवा, खाली एक ओळ जोडा, 'अमुक गावातील २०१९ व २०२१ च्या पुरातील स्थलांतर निर्णयांच्या आधारे'. ३०० चा हट्टच असेल तर दोन पानांची छोटी प्रश्नावली ३०० घरांत भरून घ्या, त्यात घरात माणसं किती, जनावरं किती, मालक की भाडेकरू, कधी निघालात, कशाने, कुठे, एवढंच विचारा, आणि त्यातूनच सविस्तर बोलायची ३५-४० घरं निवडा. म्हणजे त्यांचे तक्ते पण होतील आणि तुमचं काम पण होईल. मुलाखती दिवाळीनंतर ठेवा, पण शिरोळ-हातकणंगले भागात ऊसतोडी सुरू झाल्या की पुरुष मंडळी दिवसा घरी सापडत नाहीत, संध्याकाळी सातनंतर जावं लागतं, तेव्हा येण्याजाण्याची सोय आधी बघून ठेवा. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा झाला की इथे टाका, बघून सांगते, फक्त त्यातला एकही प्रश्न 'आपणास माहीत आहे का' ने सुरू होत नाही ना तेवढं आधी तपासा.